शेपटी जमिनीला टेकत नव्हती

"पण मग याच्या शेपटीची कातडी सोलवटत नसेल का?"

विचारणारी मुलगी सात वर्षांची होती. मी मुलांच्या विज्ञानपुस्तकांसाठी चित्रं काढते. त्या दिवशी टेबलावर लांब मानेच्या डायनासोरचं चित्र जवळजवळ पुरं होत आलं होतं. खांबांसारखे चार पाय, मागे मातीत लोळणारी जड शेपटी आणि ती ओढल्यानं चिखलात उमटलेला लांबलचक ओरखडा. तो ओरखडा मी खूप मन लावून रंगवला होता, आणि तिनं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. एवढा अवाढव्य प्राणी रोज मैलोगणती चालणार, म्हणजे शेपटी जन्मभर दगडगोट्यांवरून घासणार. मग कातडी राहील कशी?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती शेपटी मी आधीच्या चित्रांवरून घेतली होती, आणि ती चित्रं काढणाऱ्यांनी त्यांच्याही आधीच्या चित्रांवरून. त्या रात्री मी चित्रं बाजूला ठेवली आणि पाऊलखुणांबद्दल वाचायला बसले. डायनासोरांच्या पाऊलखुणा जगभर दगडांत टिकून आहेत, हजारोंनी. पावलामागे पाऊल, ओळीच्या ओळी. शेपटी घासल्याची रेघ मात्र त्यांच्यात क्वचितच सापडते. शेपटी हवेत होती. मांडीचं हाड मागे खेचणारा सर्वांत ताकदवान स्नायू शेपटीच्या मणक्यांपासून निघत होता. मगरीत तो आजही तसाच असतो. म्हणजे मी जिला ओझं समजून रंगवत होते, ती त्या प्राण्याच्या चालण्यातली मुख्य शक्ती होती. कंबर मध्ये, मान आणि धड पुढे, शेपटी मागे. तराजूची दांडी जशी.

चित्र मी पुन्हा काढलं. पण एक प्रश्न मनातून जाईना. हाडं होती, पाऊलखुणा होत्या, तरी इतक्या लोकांनी इतकी वर्षं ती शेपटी मातीत का लोळवली?

आज मला त्याचं कारण कळतं असं वाटतं. हे प्राणी संपले, हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. संपले म्हणजे त्यांच्यात काहीतरी कमी असणार, असं आपण धरून चाललो. मग ती कमतरता आपणच त्यांच्या अंगावर रंगवली. मंद चाल, थंड रक्त, इवलासा मेंदू, स्वतःच्याच वजनानं वाकलेलं शरीर. त्यांच्या मरणावरून आपण त्यांच्या जगण्याचा निकाल लावला.

सुरुवात अशी नव्हती, हे विशेष. १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी 'डायनासोर' हे नाव दिलं, तेव्हा त्यांच्या मनात भारदस्त, पाय सरळ शरीराखाली असलेले प्राणी होते. 'भयंकर सरडा' असा त्या नावाचा अर्थ आपण शाळेत शिकतो. ओवेन यांना 'धडकी भरावी इतका थोर' असं काहीसं म्हणायचं होतं. आणि सरडा हा शब्द तर पहिल्या पावलालाच चुकवतो. सरड्याचे पाय अंगाच्या बाजूला फाकलेले असतात, डायनासोरचे खांबासारखे खाली. त्याच्या कंबरेच्या हाडात मांडीचं हाड बसण्यासाठी आरपार भोक असतं. चित्र काढताना ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तरी निम्म्या चुका टळतात. पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन खेळण्यांच्या डब्यात हटकून डायनासोरांमध्ये सापडतो. तो त्यांच्यातला नाहीच. पहिले डायनासोर येण्याच्या सुमारे ४ कोटी वर्षं आधी तो होऊन गेला, आणि नात्यानं तो आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, जास्त जवळचा. उडणारे टेरोसॉर आणि समुद्रातले लांब मानेचे प्लेसिओसॉर हेही डायनासोर नव्हेत.

ओवेन यांच्या काळी हाडं फार थोडी हाती आली होती. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत उभारलेल्या इग्वानोडॉनच्या पुतळ्यात एक टोकदार हाड नाकावर शिंगासारखं बसवलं आहे. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले, आणि ते शिंग खरं म्हणजे हाताच्या अंगठ्याचं होतं हे उघड झालं. नाकावरचं शिंग गेलं. पण तेच सांगाडे उभे करताना त्यांना कांगारूसारखं शेपटीवर टेकवून बसवलं गेलं. त्या शेपटीच्या मणक्यांना हाडासारख्या कडक झालेल्या स्नायुबंधांनी घट्ट बांधून ठेवलेलं होतं, ती तशी वाकणं शक्यच नव्हतं. एक चूक सुधारताना दुसरी कशी घडते, याचं हे उदाहरण मी नेहमी डोळ्यांसमोर ठेवते.

पुढच्या काही दशकांत तर चित्र अधिकच काळवंडलं. लांब मानेच्या डायनासोरांना स्वतःचं वजन पेलवत नसणार, म्हणून त्यांना गळ्यापर्यंत पाण्यात उभं केलं गेलं. लहानपणी माझ्या भिंतीवर असंच एक चित्र होतं: हिरवं तळं, त्यातून वर आलेली उंच मान. १९५१ मध्येच कोणीतरी साधा हिशेब मांडला होता. डोकं पाण्याबाहेर आणि फुप्फुसं कित्येक मीटर खोल असतील, तर पाण्याचा दाब छाती फुगूच देणार नाही. त्या प्राण्याला श्वासच घेता आला नसता. शिवाय त्याचे मणके आतून पोकळ, हवेच्या पिशव्यांनी भरलेले होते, आजच्या पक्ष्यांच्या हाडांसारखे. दिसतो तितका तो जड नव्हताच. तरीही ते तळं पुस्तकांतून आटायला आणखी कित्येक वर्षं लागली.

स्टेगोसॉरसच्या कंबरेतल्या 'दुसऱ्या मेंदू'ची गोष्टही याच घडणीची. कवटीतला मेंदू फारच लहान, आणि कंबरेजवळ मज्जारज्जूच्या मार्गात एक मोठी पोकळी. एवढ्याशा मेंदूवर एवढं धूड चालणार कसं, म्हणून तिथे मदतीला दुसरा मेंदू कल्पिला गेला. तशीच पोकळी आजच्या पक्ष्यांतही असते, आणि तिथे मेंदू नसतो, ग्लायकोजेन साठवणारा एक अवयव असतो. हा दुसरा मेंदू आजही मला मुलांच्या पुस्तकांच्या मसुद्यात भेटतो. भेटला की मी संपादकांना लिहून कळवते. कधी तो काढला जातो, कधी नाही.

याच काळात असंही मांडलं जाई की माणूस जसा म्हातारा होतो, तशा प्रजातीही म्हाताऱ्या होतात. डायनासोरांची शिंगं, कवटीमागचे पंख्यासारखे फलक, पाठीवरचे काटे ही त्या म्हातारपणाची लक्षणं. ज्या अंगांत त्यांचं वैभव होतं, तीच रोगाची खूण ठरवली गेली. मला याचं आजही वाईट वाटतं.

एका प्राण्याच्या वाट्याला तर सरळ गुन्हा आला. १९२३ मध्ये मंगोलियाच्या गोबी वाळवंटात, फ्लेमिंग क्लिफ्सच्या लाल कड्यांपाशी, अंड्यांच्या घरट्यावरच एक सांगाडा सापडला. अंडी प्रोटोसेराटॉप्स नावाच्या शाकाहारी डायनासोरची असणार, असं धरलं गेलं. मग वर सापडलेला हा प्राणी ती पळवायला आलेला चोर. पुढच्या वर्षी त्याचं नाव ठेवलं गेलं ओव्हिरॅप्टर, अंडीचोर. नाव देणारे हेन्री ऑसबॉर्न यांनी शंका नोंदवून ठेवली होती की हे नाव कदाचित दिशाभूल करेल. शंका मागे राहिली, नाव पुढे गेलं. ७० वर्षांनी, १९९३ मध्ये, तशाच एका अंड्यात अजून न जन्मलेलं पिल्लू सापडलं आणि ते ओव्हिरॅप्टरच्याच कुळातलं निघालं. शिवाय त्याच कुळातल्या सिटिपाटीचा सांगाडा अंड्यांवर बसलेल्या स्थितीत मिळाला. दोन्ही हात अंड्यांच्या कडेनं पसरलेले, कोंबडी पंख पसरून बसते तसे. आपल्या घरट्यावर बसल्या बसल्या मेलेल्या प्राण्यांच्या कुळाला आपण ७० वर्षं चोर म्हणत होतो.

ओव्हिरॅप्टरच्या त्या पहिल्या सांगाड्यात आणखी एक गोष्ट नजरेसमोर असून ओळखली गेली नाही: छातीवरचं इंग्रजी 'व्ही'सारखं गळपट्टीचं हाड, जे आज पक्ष्यांत असतं. त्याला दुसरंच हाड समजलं गेलं. आणि डायनासोरांना गळपट्टीची हाडं नसतात, म्हणून पक्षी त्यांच्यापासून आलेले असू शकत नाहीत, हे मत पुढे अनेक वर्षं टिकलं. थॉमस हक्सली यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नातं सुचवलं होतं. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनायकस या चपळ, पायावर विळ्यासारखी नखी असलेल्या शिकाऱ्याचं वर्णन छापलं, तेव्हा कुठे तो धागा पुन्हा हातात आला. असं शरीर चिखलात पडून राहणाऱ्या प्राण्याचं असूच शकत नव्हतं.

१९९६ मध्ये चीनमधल्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्सचा जीवाश्म पुढे आला. पाठीवरून शेपटीपर्यंत मऊ तंतूंची किनार. त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. २०१० मध्ये त्या तंतूंमधल्या सूक्ष्म रंगकणांच्या आकारावरून त्याचा रंगही सांगता आला: शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे. डायनासोरांचे रंग कधीच कळणार नाहीत, हे मला शिकवलेलं वाक्य तिथे संपलं. माझ्या पेशातल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे शब्दांत सांगणं कठीण आहे.

त्यानंतर उलट्या बाजूची चूक सुरू झाली, आणि तीत मीही होते. प्रत्येक डायनासोरला पिसं. युटिरॅनस नावाचा जवळपास ९ मीटर लांबीचा, टी-रेक्सच्या नात्यातला प्राणी पिसांसारख्या तंतूंसह सापडला, म्हणून मी टी-रेक्सलाही दाट पिसारा दिला. मग २०१७ मध्ये टी-रेक्सच्या मान, कंबर आणि शेपटीजवळच्या कातडीच्या ठशांचा अभ्यास छापला गेला. त्या सगळ्या जागी बारीक खवले होते. ते चित्र मी मागे घेतलं. व्हेलोसिरॅप्टरची गोष्ट वेगळी. २००७ मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसं रुजण्याच्या गाठी ओळीनं सापडल्या, म्हणजे त्याला मोठी पिसं होतीच. आणि तो टर्की पक्ष्याएवढा होता, माणसाच्या उंचीचा नव्हे. या दोघांचे हात काढताना मी मुलांना टाळी वाजवून दाखवते. त्यांचे तळवे असेच एकमेकांकडे वळलेले असत. तळवे जमिनीकडे करून पंजे लोंबकळताना दाखवायचे, तर मनगट मोडावं लागेल.

रक्त गरम की थंड, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि दोनच कप्प्यांतलं उत्तर मागतात. हाडांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर बऱ्याच डायनासोरांत झपाट्यानं वाढणाऱ्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या हाडाची ठेवण दिसते. मला मात्र सर्वांत बोलका वाटतो तो अलास्काच्या उत्तर टोकाचा पुरावा. २०२१ मध्ये तिथल्या अभ्यासात नुकत्याच जन्मलेल्या आणि अंड्यातल्या पिल्लांची शेकडो इवलीशी हाडं आणि दात पुढे आले, वेगवेगळ्या किमान ७ प्रकारांचे. म्हणजे ते तिथे केवळ उन्हाळ्यापुरते चरायला जात नव्हते, तिथेच अंडी घालत होते. आणि तिथे हिवाळ्यात सुमारे ४ महिने सूर्य उगवत नसे. अंगात ऊब धरणारी काही सोय असल्याखेरीज हे जमणं कठीण.

असे हे प्राणी. मग ते गेले कसे?

सस्तन प्राण्यांनी अंडी खाल्ली, फार मोठे झाले, डोकं चाललं नाही, बदलत्या जगात टिकता आलं नाही. या सगळ्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आणि त्या एकाच साच्यातल्या आहेत: दोष मरणाऱ्याचा. पण जी मंडळी १६ कोटी वर्षांहून जास्त काळ जमिनीवर राज्य करून होती, त्यांना बदल नवा नव्हता. स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांना एका चित्रात झुंजवण्याची मागणी मला अनेकदा येते. त्या दोघांमध्ये ८ कोटी वर्षांचं अंतर आहे. टी-रेक्स आणि आपल्यामध्ये त्याहून कमी, ६ कोटी ६० लाख. या काळात खंड सरकले, समुद्र चढले-उतरले, फुलझाडं नव्यानं आली, आणि डायनासोरांची घराणी बदलत, नवी होत राहिली.

इटलीतल्या गुब्बियो गावाजवळ चुनखडीच्या थरांत साधारण १ सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा एक थर आहे. खालच्या चुनखडीत सूक्ष्म सागरी जीवांची गर्दी, वरच्या चुनखडीत त्यातले जवळजवळ सगळे नाहीसे. भूवैज्ञानिक वॉल्टर अल्व्हारेझ यांना जाणून घ्यायचं होतं की हा थर साचायला किती काळ लागला. त्यांचे वडील लुईस हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजमापं केली. पृथ्वीच्या कवचात अतिशय विरळ, पण अवकाशातून येणाऱ्या दगडांत त्याहून पुष्कळ जास्त असलेलं इरिडियम हे धातुतत्त्व त्या थरात नेहमीच्या सुमारे ३० पट निघालं. डेन्मार्कमधल्या तशाच थरात तर १६० पट. १९८० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: बाहेरून सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह येऊन आदळला होता. विवर तेव्हा कोणाला माहीत नव्हतं असं म्हणतात, पण मेक्सिकोच्या युकातान भागात तेलाचा शोध घेणाऱ्या दोघा भूभौतिकशास्त्रज्ञांना जमिनीखालचं ते प्रचंड वर्तुळ आधीच दिसलेलं होतं. दोन्ही टोकं जुळायला १९९१ उजाडलं. विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद, निम्मं समुद्राखाली, वर गाळाचं जाड पांघरूण.

इथेही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे, आणि तो पसरवण्यात आम्हा चित्रकारांचा हात मोठा आहे. आकाशात आगीचा गोळा, खाली तोंड वर करून ओरडणारा टी-रेक्स, संपलं. जवळचे प्राणी आघातानं, लाटांनी, आगीनं मेले हे खरंच. पण जगाच्या दुसऱ्या टोकाचे? तो दगड जिथे पडला, तिथल्या खडकांत जिप्समसारखी गंधकयुक्त खनिजं भरपूर होती. २०१६ मध्ये विवरात खोल छिद्र पाडून काढलेल्या खडकांत ती जवळपास नाहीतच. ती वाफ होऊन वर गेली. गंधक, बारीक धूळ आणि काजळी यांनी सूर्य झाकला. झाडांना उजेड मिळेना, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींनाही नाही. पानं गेली, पानं खाणारे गेले, मग त्यांना खाणारे. बहुतेकांचं मरण हे अंधारातलं, थंडीतलं, उपाशीपोटी आलेलं मरण होतं. ते चित्र एका पानावर मावत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामध्ये त्या आघाताच्या दिवशीच मेलेल्या माशांच्या हाडांतील वाढीच्या रेषांवरून २०२२ मध्ये असं दिसलं की उत्तर गोलार्धात तेव्हा वसंत होता. घरट्यांचा हंगाम.

दख्खनचं काय, हेही विचारलं जातं, आणि विचारायलाच हवं. डेक्कन ट्रॅपचा तो काळा बेसॉल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हाचे ते उद्रेक आघाताच्या आधी सुरू झाले आणि नंतरही चालू राहिले. त्यांतून निघालेल्या वायूंनी हवामान ढवळलं, पृथ्वी काही काळ तापली. उद्रेकांचा विनाशातला वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद झडतच आहेत. माझं मत मी सांगते: लाखो वर्षं चाललेले उद्रेक एवढ्या पातळ थरातल्या एवढ्या अचानक शेवटाचं कारण म्हणून मला पटत नाहीत. अमेरिकेतल्या मोंटानामध्ये, डायनासोरांच्या काळाची अखेर दाखवणाऱ्या सीमारेषेच्या अवघ्या १३ सेंटिमीटर खाली शिंगवाल्या डायनासोरचं एक शिंग मिळाल्याचं २०११ साली छापून आलं. शेवटपर्यंत ते तिथे चरत होते.

आणि जगले कोण? हुशार सस्तन प्राणी, हे उत्तर मी पुस्तकांतून खोडत असते. सस्तन प्राण्यांचेही बहुतेक प्रकार त्यात गेले. जमिनीवर २५ किलोंहून जड असं जवळजवळ काहीच उरलं नाही. उरले ते लहान, बिळांत शिरू शकणारे, किडे आणि कुजलेल्या पाल्यावर भागवणारे, गोड्या पाण्यात कमी खाऊन तग धरणारे. कासवं, मगरी, बेडूक. पक्ष्यांतले दात असलेले, झाडांवर राहणारे गट पार नाहीसे झाले. जमिनीवर वावरणारे, चोचीनं बिया टिपणारे काही वाचले. झाडं मेली तरी मातीत पडलेल्या बिया टिकून असतात. सुमारे ११ हजार प्रजातींचे आजचे पक्षी त्या थोडक्यांचे वंशज आहेत, आणि ते डायनासोरच आहेत. तेव्हा 'डायनासोर संपले' हे वाक्यसुद्धा मी आता चित्राखाली छापू देत नाही.

सध्या माझ्या टेबलावर गोबीमधलं ते १९२३ चं घरटं आहे. अंडी लांबट, जोडीजोडीनं, वर्तुळात लावलेली. प्राणी मधल्या मोकळ्या जागेत, अंड्यांवर भार न टाकता बसलेला. हात दोन्हीकडे पसरलेले, त्यांवरून पिसं खाली उतरलेली. नाव बदलता येत नाही. एकदा रीतसर दिलेलं पहिलं नाव कायम राहतं, असा नियमच आहे. चित्राखाली 'अंडीचोर' याच अर्थाचा तो शब्द छापला जाईल. म्हणून सगळी अंडी मी पिसांखाली घेतली आहेत. कडेच्या एकाचं टोक तेवढं बाहेर डोकावतं आहे, आणि त्याच्यावर एक पीस ओढायचं बाकी आहे.